तिकीट ज्याचं त्याच्याकडे

परदेशी जायचं ठरलं की घरातली बाई पंधरा दिवस आधीपासून तयारीला लागते. मेतकूट, लसणाची चटणी, चहाचा मसाला, पहिल्या दिवसासाठी दशम्या. कुठल्या बॅगेत किती किलो, यांची बीपीची गोळी कुठल्या कप्प्यात, नातवाचा खाऊ कुठल्या डब्यात, हे तिला रात्री दोन वाजता उठवून विचारलं तरी ती घडाघडा सांगेल. पण तिलाच विचारा, ‘तुझं तिकीट कुठंय?’ उत्तर ठरलेलं. ‘ते यांच्याकडे आहे.’ पासपोर्ट? ‘तोही यांच्याकडेच.’ बरं, पॅरिसहून पुढे कुठली गाडी पकडायची? ‘ते मुलाला माहीत. त्यानं सगळं ऑनलाइन केलंय ना!’

मैत्रिणींनो, आज मला भांडायचंय ते या ‘यांच्याकडे’शी.

पूर्वी परदेश म्हणजे टूर कंपनी. पुढे झेंडा धरलेला टूर मॅनेजर, मागे आपण चाळीस जण. हरवायची सोयच नव्हती! आता तसं राहिलं नाही. कुणाची लेक लंडनला, कुणाचा भाचा जर्मनीत, कुणाचा जावई हॉलंडला. लहान गावांतली माणसंही ‘आलोच आहोत तर चार दिवस स्वित्झर्लंड करून येऊ’ म्हणत आपली आपण निघतात. युरोपात आपलं आपण फिरायचं म्हणजे रेल्वे आली, आणि रेल्वे आली की गाडी बदलणं आलं. सगळ्या प्रवासात छातीत धडधड होते ती तिथेच. विमानतळावर निदान तीन तास आधी जाऊन बसता येतं. इथे एक गाडी पोचलेली असते, दुसरी सुटायची असते आणि मधला सगळा खेळ तुमच्या पायांवर, सामानावर आणि डोक्यावर.

आता कुणी म्हणेल, ‘बायकांना नाही जमायचं ते.’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही! गाडी बदलणं आपल्याला काय नवीन आहे? मनमाडला अपरात्री एक पोर कडेवर आणि एक बोटाला धरून गाडी बदललेल्या किती तरी बायका मराठवाड्यात भेटतील. दौंड, भुसावळ, कुर्डुवाडी ही नावं तर आपल्याला माहेरच्या वाटेवरची. मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ यायचे. म्हणजे सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणं हे तिथल्या प्रवासात धरलेलंच असायचं. दादरला डिसेंबर २०२३ मध्ये प्लॅटफॉर्मचे नंबरच बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. रोज जाणाऱ्या बायकांनी तेही पाठ करून टाकले. आणि ‘१६.३०’ म्हणजे संध्याकाळचे साडेचार, हे आपल्याला कुणी युरोपात जाऊन शिकवायला नको. आपल्या रेल्वेचं वेळापत्रक तसंच असतं.

तेव्हा अक्कल आपल्याकडे आहे. तिकीट आणि माहिती मात्र दुसऱ्याच्या खिशात असते.

पॅरिसचंच बघा. पॅरिसला एक मुख्य स्टेशन असेल आणि सगळ्या गाड्या तिथूनच सुटत असतील असं वाटतं. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या दिशेची आपापली स्टेशनं बांधली, ती आजही तशीच आहेत. आपल्या मुंबईसारखंच म्हणा ना. गुजरातकडून येणारा मुंबई सेंट्रलला उतरतो आणि त्याला सोलापूरकडे जायचं असेल तर सीएसएमटी गाठावं लागतं. तसंच लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून येणारी युरोस्टार पॅरिसच्या उत्तरेच्या स्टेशनात थांबते, गार द्यु नॉर. आणि स्वित्झर्लंडची गाडी सुटते गार द लियों या दुसऱ्याच स्टेशनातून. फ्रेंच भाषेत स्टेशनला ‘गार’ म्हणतात. गाडी सुटायला पाऊण तास उरला आणि आपण अजून पहिल्याच ‘गार’मध्ये असलो की हातपाय खरोखरच गार पडतात!

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही हाच प्रवास केला. आम्ही दोघं, माझे धाकटे दीर आणि जाऊ. लंडनला माझी भाची असते. तिनं निघायच्या आदल्या रात्री आम्हा चौघांना समोर बसवलं आणि शिक्षिकेसारखं बजावलं, ‘मावशी, तिकिटं चौघांची चार ठिकाणी. पासपोर्टही ज्याचा त्याच्याकडे.’ सगळ्यात जास्त विरोध कुणाचा? आमच्या यांचा. ‘अगं, मी आहे ना! बायका उगाच कुठेतरी ठेवतील आणि ऐनवेळी शोधत बसतील.’ भाची बधली नाही. तिनं एकेका जाड कागदावर मराठीत लिहून दिलं. उतरायचं स्टेशन, पुढच्या लोकलचं अक्षर, दुसरं स्टेशन, गाडीची वेळ, डबा, सीट. खाली एक ओळ ठळक अक्षरात: ‘चुकामूक झाली तर मागे फिरायचं नाही. सगळ्यांनी गार द लियोंच्या पहिल्या हॉलमध्ये, ल त्रँ ब्ल्यू नावाच्या हॉटेलच्या जिन्यापाशी थांबायचं.’ हे १९०१ साली सुरू झालेलं जुनं, भपकेबाज हॉटेल स्टेशनातच आहे. कुणालाही विचारलं तरी दाखवतात.

दोन गाड्यांच्या मध्ये दीड तास होता. ऐकायला खूप वाटतो. पण युरोस्टार जवळजवळ चारशे मीटर लांब असते. आपला डबा मागे असेल तर नुसतं प्लॅटफॉर्मच्या टोकाला पोचायलाच वेळ लागतो, त्यात चार बॅगा. मग लोकलच्या तिकिटाची रांग. तिथे आता कार्डावर किंवा फोनवर तिकीट भरून घ्यावं लागतं आणि एका कार्डावर एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. मग जमिनीखाली उतरायचं. तिथून वेगवेगळ्या लोकल जातात. आम्हाला हवी होती ती हिरव्या रंगाची ‘डी’. निळी ‘बी’सुद्धा तिथूनच सुटते आणि पहिलं स्टेशनही दोघींचं एकच, पण पुढे ती भलतीकडे जाते. ‘डी’ने मात्र मध्ये फक्त शातले-ले-आल आणि मग लगेच गार द लियों. दहा मिनिटांचाही प्रवास नाही.

त्या दहा मिनिटांतच व्हायचं ते झालं. संध्याकाळची वेळ, ऑफिसं सुटलेली. मी आणि जाऊ लहान बॅगा घेऊन आत शिरलो. मागून हे आणि भावजी मोठ्या बॅगा उचलेपर्यंत शिट्टी झाली, दारं मिटली. काचेपलीकडे या दोघांचे चेहरे, आणि गाडी सुटली. जाऊ रडवेली झाली. ‘ताई, पुढच्या स्टेशनला उतरू या का? परत जाऊ या का?’ खरं सांगते, माझ्याही पोटात गोळा आला होता. पण कागद पर्समध्ये होता आणि त्यावर लिहिलं होतं, मागे फिरायचं नाही. मी तिला म्हटलं, ‘अगं, त्यांच्याकडेही हाच कागद आहे. आपण उतरलो आणि ते पुढे गेले, म्हणजे झालंच मग!’ आम्ही सरळ गार द लियोंला उतरलो.

आणि तिथे बाहेर पडायच्या फाटकापाशी मला जे दिसलं, त्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला.

पॅरिसच्या या लोकलमध्ये आत शिरताना तर तिकीट लागतंच, पण बाहेर पडतानाही अनेक ठिकाणी फाटकाला दाखवावं लागतं. फाटकाच्या आतल्या बाजूला एक बाई उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या. पंजाबी ड्रेस, पायात नवे बूट, गळ्यात मंगळसूत्र. आमचं बोलणं ऐकून त्या एकदम पुढे आल्या. ‘तुम्ही मराठी का हो?’ त्यांचंही आमच्यासारखंच झालेलं. मुलानं गर्दीत त्यांना आधी आत चढवलं. तो, सून आणि नातवाची बाबागाडी मागे राहिली. सून खिडकीतून ‘लियों, लियों’ असं ओरडली, तेवढ्यावर बाई इथे उतरल्या होत्या. तिकीट मुलाकडे. पासपोर्ट मुलाकडे. फोन होता, पण त्यात तिकडचं सिमकार्ड नव्हतं. मी विचारलं, ‘पुढे कुठे जाणार आहात?’ तर म्हणाल्या, ‘काय की हो. बर्फाचे डोंगर आहेत तिथे कुठेतरी. मुलाला माहीत आहे.’

या बाई कोण होत्या? हायस्कूलच्या निवृत्त शिक्षिका. दहावीच्या परीक्षेचं केंद्र सांभाळलेल्या! शेकडो मुलांच्या उत्तरपत्रिका मोजून, सील करून पाठवणाऱ्या बाईला आज रात्री आपण कुठल्या गावात झोपणार आहोत हे माहीत नव्हतं.

जावेला मी जिन्यापाशी पाठवलं आणि बाईंबरोबर थांबले. भावजी आणि हे मागच्याच गाडीनं आले. थोड्या वेळानं त्यांचा मुलगाही धापा टाकत आला. घाबरला होता बिचारा, ते दिसतच होतं. पण तोंडातून पहिलं वाक्य काय आलं? ‘आई, तुला एकटीला पुढे जायला कुणी सांगितलं होतं?’ आणि बाई म्हणाल्या, ‘चुकलं रे बाबा.’

काय चुकलं त्यांचं? मला अजून कळलेलं नाही.

आम्हाला गाडी मिळाली. वीस मिनिटं उरली तेव्हा फलकावर प्लॅटफॉर्म लागला. तिथे तो साधारण तेवढाच आधी लागतो, त्यामुळे आधीपासून पळून उपयोग नसतो. पहिल्या हॉलमधल्या प्लॅटफॉर्मना अक्षरं आणि दुसऱ्या हॉलमधल्यांना आकडे, त्यामुळे आधी हॉल कुठला ते बघायचं. आणि सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच दारं बंद होतात. गाडीत बसल्यावर यांनी घाम पुसला आणि म्हणाले, ‘बरं झालं, तिकिटं वाटून ठेवली होती.’ मी काही बोलले नाही. कधी कधी न बोलण्यातच मजा असते!

आता या बाबतीत घरोघरी जे म्हटलं जातं, त्याचा विचार करू.

पहिलं म्हणणं, ‘सगळं एकाकडे असलं की हरवत नाही.’ उलट आहे. सगळं एकाकडे असलं की हरवतं तेव्हा सगळंच हरवतं. पॅरिस, रोम, बार्सिलोना या शहरांत खिसेकापूंचा सुळसुळाट आहे आणि त्यांनाही ठाऊक असतं की कुटुंबाचा पाऊच कुणाच्या कमरेला आहे. एकाचा पासपोर्ट गेला तर पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावासात धाव, आणि नवा पासपोर्ट लगेच मिळाला नाही तर मायदेशी परतण्यापुरता आणीबाणीचा दाखला. चौघांचे गेले तर हे सगळं गुणिले चार.

दुसरं म्हणणं, ‘आम्ही कायम बरोबरच असतो.’ असता हो. पण दार मिटायला किती वेळ लागतो?

तिसरं म्हणणं आपलंच असतं, आणि ते मला जास्त बोचतं. ‘नको बाई, माझ्याकडून हरवेल.’ अगं, वीस वर्षं घराच्या किल्ल्या कुणाकडे आहेत? मंगळसूत्र, मुलांचे दाखले, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, लॉकरची किल्ली यांतलं काय हरवलंस तू? ‘तुला नाही जमणार’ हे इतक्या वेळा कानावर पडलेलं असतं की ते आता आपण आपल्याच तोंडानं बोलतो.

एक गंमत बघा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना प्रत्येकाला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. तिथे ‘माझ्या वतीनं हे देतील’ असं चालत नाही. पासपोर्टावर आपलं नाव, आपला फोटो, आपली सही. लोकलच्या फाटकालाही नवरा-बायको कळत नाहीत, एक तिकीट म्हणजे एक माणूस. परक्या देशाची यंत्रंसुद्धा आपल्याला स्वतंत्र माणूस धरतात. फक्त घरातून निघताना आपण स्वतःला सामानात धरतो.

आणि इंग्रजीचा बाऊ तर करूच नका. ‘इंग्लिश विंग्लिश’ हा २०१२ चा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला. त्यातली पुण्याची शशी गोडबोले एकटी न्यूयॉर्कला जाते आणि कॉफीच्या दुकानात तिची कशी त्रेधा उडते, ते बघून आपल्याला आपलंच वाटलं. पण पॅरिसच्या स्टेशनात फलक फ्रेंच असतात, झुरिकला जर्मन, मिलानला इटालियन. फाडफाड इंग्रजी बोलणारी माणसंही तिथे आपल्यासारखीच माना वर करून उभी असतात! चार शब्द ओळखता आले की पुरे. प्लॅटफॉर्मला फ्रान्समध्ये म्हणतात ‘व्वा’. हो, अगदी आपण दाद देतो तसंच! जर्मनमध्ये ‘ग्लाइस’, इटालियनमध्ये ‘बिनारिओ’. बाहेरचा रस्ता म्हणजे फ्रान्समध्ये ‘सॉर्ती’, जर्मनमध्ये ‘आउसगांग’, इटलीत ‘उशिता’. मुलीकडून किंवा नातवाकडून त्यांची स्पेलिंगं कागदावर लिहून घ्या. घोकायची गरज नाही, कागद समोर धरून फलकाशी जुळवायची.

गाडी ठरवतानाही आपण त्या टेबलाशी बसायला हवं. कारण ठरवणारा नेहमी म्हणतो, ‘पन्नास मिनिटं आहेत, खूप झाली.’ त्याच्या हिशेबात तुमचे गुडघे नसतात, स्वच्छतागृहाची रांग नसते, नातवाची बाबागाडी नसते. ते तुम्ही सांगायचं. स्टेशन बदलायचं असेल तर निदान दोन तास ठेवा म्हणावं. लंडनहून पॅरिसला गेलं की घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, हेही ध्यानात ठेवा. आणि एक प्रश्न जरूर विचारा, ‘सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे की वेगवेगळ्या?’ हा प्रश्न पैशांचा आहे. युरोपियन युनियनमध्ये रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचे नवे नियम ७ जून २०२३ पासून लागू आहेत. सलग प्रवासाचं एकच तिकीट असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली, तर तुम्हाला पुढे पोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. मुक्कामाला पोचायला एक तासाहून जास्त उशीर झाला तर काही अपवाद सोडून भाड्याचे २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर हे संरक्षण मिळेलच असं नाही. भाजीवाल्याकडून चार रुपये सोडवून घेणाऱ्या आपण, एवढे युरो का सोडायचे?

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये काजोलची गाडी स्वित्झर्लंडमध्येच सुटते, १९९५ सालची गोष्ट. सिनेमात गाडी सुटली की शाहरुख भेटतो. आपल्याला भेटते ती मुलाची नाही तर नवऱ्याची बोलणी. म्हणून आपली आपण तयारी बरी!

१८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी नवऱ्याला इथे ठेवून बोटीनं अमेरिकेला गेल्या. ना फोन, ना कुणी पुढे जाऊन सगळं ठरवून ठेवलेलं. त्या डॉक्टर होऊन परत आल्या. त्यांच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपल्याला पॅरिसमध्ये दोन स्टेशनं लोकलनं जायचंय, तेवढ्यासाठी आपला कागद दुसऱ्याच्या खिशात कशाला?

तेव्हा पुढच्या वेळी बॅगा भरताना चटणीचा डबा ठेवलात की थांबा. नवऱ्याला, मुलाला हाक मारा आणि शांतपणे सांगा, ‘माझं तिकीट माझ्याकडे द्या. पासपोर्टही. आणि कुठे, किती वाजता, कुठल्या गाडीनं जायचंय ते मला एका कागदावर लिहून हवंय.’ कुणी हसेल, कुणी ‘आता हे काय नवीन’ म्हणेल. म्हणू दे. ते सगळं पर्समध्ये नीट ठेवा, पर्सची चेन लावा आणि सासूबाईंना, मुलीला, सुनेलाही तेच सांगा. परदेशीच जायला हवं असंही नाही. दिवाळीत माहेरी निघालात तरी सुरुवात करता येईल.